औषध तेच, शरीर वेगळं: नर्सताईंच्या औषधशास्त्राच्या वर्गातून

आम्ही दोघी नर्सिंग कॉलेजात शिकवतो. बी.एस्सी. नर्सिंग करून, वॉर्डात काम करून, पुढे एम.एस्सी. करायला आलेल्या मुली आमच्या वर्गात असतात. त्यांना आम्ही औषधशास्त्राचा पुढचा अभ्यास शिकवतो. कॉलेजात त्याला फार्माकॉलॉजी म्हणतात. आज या वर्गात काय चालतं ते तुम्हाला सांगायचं आहे.

तुम्ही म्हणाल, त्यांचा अभ्यास त्यांच्यापाशी, आम्हाला त्याचं काय? आहे ना. रुग्णाला औषध देण्याआधी काय विचारायचं, हे या मुली आमच्याकडे शिकतात. त्यांच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं पुस्तकात असतात आणि निम्मी तुमच्याजवळ. तुम्ही सांगितलं नाही तर नर्स कितीही शिकलेली असो, तिचं शिक्षण अर्धंच कामाला येतं. म्हणून तिचे प्रश्न आज तुमच्याही ओळखीचे करून देतो.

नर्स औषध देतेच, मग आणखी काय शिकायचं?

उपकेंद्रातली एएनएम ताई दोन वर्षं शिकलेली असते. जीएनएम झालेली नर्स तीन वर्षं, बी.एस्सी. झालेली चार वर्षं शिकते. औषध देताना पाच गोष्टी बरोबर आहेत ना हे बघायला त्या सगळ्या शिकतात: माणूस बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर, वेळ बरोबर आणि देण्याचा मार्ग बरोबर, म्हणजे तोंडाने, स्नायूत की शिरेतून. हा पाया आहे आणि तो पक्काच लागतो.

एम.एस्सी.ची विद्यार्थिनी त्याच्यापुढे एक प्रश्न विचारायला शिकते. कागदावर लिहिलेला डोस बरोबर आहे, पण आज, या माणसाला, या अवस्थेत तो द्यावा का? हा प्रश्न विचारायचा तर औषधाचं नाव पाठ असून भागत नाही. औषध शरीराचं काय करतं आणि शरीर औषधाचं काय करतं, या दोन्ही बाजू समजाव्या लागतात.

हे शिक्षण फार जुनं नाही. १९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला ‘नर्स प्रॅक्टिशनर’ अभ्यासक्रम सुरू केला. जिथे डॉक्टर पुरेसे नव्हते तिथल्या लेकरांना अनुभवी नर्सने तपासावं, असा त्यांचा विचार होता. आज तिथे अशा नर्सना तीन विषय शिकावेच लागतात: आजारात शरीरात काय बिघडतं, रुग्ण कसा तपासायचा आणि प्रगत औषधशास्त्र. तिथल्या या नर्स औषधाची चिठ्ठीही लिहितात.

आपल्याकडे नर्सिंगची एम.एस्सी. दिल्लीत १९५९ साली सुरू झाली. अलीकडे भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणला. त्यातही प्रगत औषधशास्त्र आहे. आपल्या देशात औषध लिहून देतात डॉक्टर. नर्स त्यांच्या आदेशाप्रमाणे आणि ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे देते. पण डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाचं तोंड यांच्या मधे शेवटचे हात नर्सचेच असतात. चूक थांबवायची शेवटची संधी तिच्याच हातात असते. तेवढ्यासाठीच हा सगळा अभ्यास.

गोळीचा प्रवास

पहिल्या आठवड्यात आम्ही मुलींना चार प्रश्न देतो. औषध आत किती गेलं? कुठेकुठे पोचलं? शरीराने त्याचं काय केलं? आणि ते बाहेर कसं पडलं? इंग्रजी पुस्तकात या चार टप्प्यांना मोठमोठी नावं आहेत. आम्ही आधी मराठीत समजावतो, नावं मागून देतो. मराठी शाळेत शिकलेली मुलगी इंग्रजी शब्दाला अडखळते, पण विषयाला अडखळत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षं बघतो आहोत. हेच चार प्रश्न आता तुमच्या रोजच्या उदाहरणांवरून बघू.

पहिला प्रश्न: आत किती गेलं?

गरोदरपणात मिळणारी लाल लोहाची गोळी सगळ्यांच्या ओळखीची. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. ती १८० दिवस घ्यायची असते. बाई सांगते, मी रोज घेते, तरी रक्त वाढत नाही. आता विद्यार्थिनीने काय विचारायचं? गोळी घेता का, हे विचारून झालं. कशाबरोबर घेता, हा पुढचा प्रश्न.

बऱ्याच घरांत गोळी चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेतली जाते. चहातली तुरट द्रव्यं लोहाला पोटातच धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या आड येते. म्हणून लोह आणि कॅल्शियम एका वेळी घ्यायचं नाही, मधे किमान दोन तास जाऊ द्यायचे. चहा गोळीच्या आधी आणि नंतर किमान तासभर नको. लिंबू, आवळा, पेरू असं आंबट काही असेल तर लोह जास्त शोषलं जातं.

इथे डोस बरोबर होता, गोळीही बरोबर होती, पण आतच पोचत नव्हती. हे न कळणारी नर्स म्हणेल, बाई गोळ्या घेत नाही, खोटं बोलते. कळणारी नर्स चहाचं विचारेल. शिक्षणाने हा फरक पडतो.

दुसरा प्रश्न: कुठेकुठे पोचलं?

डोकं दुखतं म्हणून घेतलेली गोळी फक्त डोक्यात जात नाही. रक्ताबरोबर ती अंगभर फिरते. गरोदर बाईच्या अंगात ती वारेतून बाळापर्यंत जाऊ शकते. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधात उतरू शकते.

यावर आम्ही वर्गात थॅलिडोमाइडची हकिकत सांगतो. १९५७ साली जर्मनीत हे झोपेचं औषध बाजारात आलं. सुरक्षित आहे असं सांगून ते गरोदर बायकांना मळमळीसाठीही दिलं गेलं आणि कित्येक देशांत पसरलं. मग हात-पाय नीट न वाढलेली बाळं जन्माला येऊ लागली. १९६१ अखेर ते मागे घेतलं गेलं, तोवर जगात दहा हजारांहून अधिक बाळांना त्याची झळ बसली होती. अमेरिकेत मात्र ते विक्रीला आलं नाही. तिथल्या औषध खात्यात फ्रान्सिस केल्सी नावाच्या डॉक्टर बाई होत्या. कंपनीने दिलेला पुरावा पुरेसा नाही, आणखी माहिती द्या, असं त्या पुन्हापुन्हा लिहीत राहिल्या. कंपनीने तगादा लावला तरी त्यांनी परवानगी दिली नाही.

मुलींना आम्ही सांगतो, केल्सीबाईंनी एक प्रश्न धरून ठेवला आणि हजारो लेकरं वाचली. तुम्हीही प्रत्येक बाईला विचारा: पाळी कधी आली होती? दिवस गेले असतील का? अंगावर पाजता का? मैत्रिणींनो, हा प्रश्न आला की लाजू नका आणि रागावूही नका. चौकशी म्हणून कोणी तो विचारत नाही.

तिसरा प्रश्न: शरीराने त्याचं काय केलं?

बहुतेक औषधांवर आपलं यकृत, म्हणजे लिव्हर, काम करतं. औषध मोडून त्याचं रूप बदलतं. हे काम कधी हळू चालतं, कधी भरभर. एक औषध दुसऱ्या औषधाचं काम बिघडवू शकतं ते इथेच.

टीबीच्या उपचारात रिफॅम्पिसिन हे महत्त्वाचं औषध असतं. लघवी नारिंगी-लाल होते ती याच औषधामुळे, त्याला घाबरायचं नाही. पण हे औषध यकृताला जणू कामाला जुंपतं. मग यकृत इतर औषधंही भराभर मोडून टाकतं. त्यात माला-एनसारख्या पाळणा लांबवण्याच्या गोळ्याही येतात. बाई टीबीची औषधं नेमाने घेते, माला-एनही नेमाने घेते, एकही दिवस चुकवत नाही, तरी दिवस जाऊ शकतात. मग घरात तिलाच बोल लागतो की गोळी विसरली असशील.

परीक्षेत आम्ही हेच विचारतो: टीबीचा उपचार सुरू होणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी कुटुंबनियोजनाबद्दल काय विचाराल आणि का? उत्तर असं की तिला दुसरी पद्धत लागेल. तांबीवर या औषधाचा परिणाम होत नाही. तिला कोणती पद्धत योग्य हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. टीबीचं औषध मात्र बंद करायचं नाही.

यकृताचं दुसरं उदाहरण पॅरासिटामॉलचं. ही साधी तापाची गोळी बेताने घेतली तर चांगली. पण यकृत ती मोडताना थोडं विषारी द्रव्य तयार होतं. एरवी शरीर ते निकामी करतं. गोळ्या फार झाल्या की शरीराची ही ताकद संपते आणि यकृतालाच इजा होते. मोठ्या माणसासाठी चोवीस तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या. अंगाने बारीक, कमी जेवणाऱ्या, दारू पिणाऱ्या किंवा लिव्हरचा आजार असलेल्या माणसाला त्याहून कमीच. गंमत अशी की सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. पाकिटावरचं मोठं नाव वेगळं, आतलं औषध तेच. तापाची एक, सर्दीची एक, अंगदुखीची एक अशा तीन गोळ्या घेतल्या तर एकच औषध तीनदा पोटात गेलेलं असू शकतं.

चौथा प्रश्न: बाहेर कसं पडलं?

गिधाडं तुमच्यातल्या वयस्कर बायांना आठवत असतील. गावाबाहेर ढोर टाकलं की थव्याने उतरायची. १९९० नंतर काही वर्षांत ती नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झाली. २००४ साली कारण सापडलं: डायक्लोफिनॅक. गुरांच्या दुखण्यावर हे औषध दिलं जायचं. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडाच्या किडन्या बंद पडायच्या. भारताने २००६ साली जनावरांसाठी हे औषध बनवण्यावर बंदी आणली.

मुलींना आम्ही विचारतो: त्याच औषधाने गाईला आराम पडला आणि गिधाड मेलं, असं का? औषध तेच, शरीर वेगळं. आमच्या सगळ्या विषयाचं सार या एका गोष्टीत आहे.

आता ही गोष्ट माणसावर आणू. डायक्लोफिनॅक आणि त्याच्या जातीच्या वेदनेच्या गोळ्या माणसं घेतातच. तरुण, धडधाकट माणसाला चार दिवस त्या चालून जातात. वर्गात आम्ही एक प्रकरण देतो. पासष्ट वर्षांची बाई, वजन ४० किलो. बीपीची एक गोळी आणि लघवी वाढवणारी एक गोळी चालू. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणून रोज वेदनेची गोळी. उन्हाळ्याचे दिवस, त्यात तीन दिवस जुलाब. आता चक्कर येते आणि लघवी कमी झाली आहे.

विद्यार्थिनी आधी बीपी मोजायला धावतात. मोजलंच पाहिजे. पण मोठा प्रश्न किडनीचा आहे. अंगातलं पाणी कमी झालं, बीपीच्या काही गोळ्या आणि लघवीची गोळी चालू आहे, त्यावर वेदनेची गोळी. किडनीवर तिहेरी ताण येतो. एरवी लघवीवाटे बाहेर जाणारी औषधं मग आतच साठत जातात. कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज जास्त ठरतो. अशा वेळी डॉक्टरांना लगेच कळवायचं आणि कोणती गोळी थांबवायची ते त्यांच्याकडून ठरवून घ्यायचं.

या प्रकरणात एक गोष्ट केसपेपरवर नसतेच. दुकानातून आणलेली गुडघेदुखीची गोळी. ती कळली तरच कोडं सुटतं. आणि ती फक्त त्या बाईला किंवा तिच्या सुनेला ठाऊक असते.

बाळंतपणातले झटके आणि गुडघ्यावरची टिचकी

गरोदरपणात बीपी फार वाढून झटके येतात, तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट हे औषध जीव वाचवतं. पहिला डोस देऊन पुढे पाठवण्याचं शिक्षण एएनएम ताईंनाही दिलेलं असतं. पुढचे डोस रुग्णालयात दिले जातात.

हे औषध लघवीवाटेच बाहेर पडतं. लघवी कमी झाली की ते अंगात साठतं. साठू लागलं की आधी गुडघ्याची उसळी जाते, म्हणजे गुडघ्याखाली हलकी टिचकी मारली तर पाय उडत नाही. त्यानंतर श्वास मंदावतो. म्हणून पुढचा डोस देण्याआधी प्रत्येक वेळी तीन गोष्टी बघायच्या: पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का, आणि तासाला किमान ३० मिलिलिटर लघवी होते का. यातलं एकही नसेल तर डोस थांबवायचा. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ तयार ठेवायचं.

या तीन गोष्टी पाठ करायला दहा मिनिटं लागतात. आम्ही मात्र मुलींकडून कारणं काढून घेतो. पाय का बघायचा? लघवी का मोजायची? कारण कळलेली नर्स रात्री तीन वाजता, तीन बाळंतिणी एकदम आल्या तरी ही पायरी गाळत नाही.

आणि नातेवाईकांना एक सांगणं. सिस्टर लघवीच्या पिशवीकडे बघते, टिचकी मारते, सुई द्यायला वेळ लावते. ती टाळाटाळ करते असं समजून आरडाओरडा करू नका. त्या पाच मिनिटांत ती तुमच्या लेकीचा जीव जपत असते.

हिशेबाची वही आणि दोन सह्या

या वर्गात गणित फार असतं. अतिदक्षता विभागात बीपी कोसळलेल्या रुग्णाला नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे औषध पंपाने थेंबाथेंबाने देतात. समजा बाईचं वजन ५० किलो, आणि डोस किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. मिनिटाला झाले ५, तासाला ३००. सिरिंजमध्ये ५० मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम औषध असेल, तर एका मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम. म्हणजे पंप तासाला ३.७५ मिलिलिटरवर लावायचा. दशांशाचा टिंब एक घर सरकला तर होतात ३७.५. दहापट औषध.

गटाच्या वहीत एक शून्य जास्त पडलं तर महिनाअखेर सापडतं आणि खोडून दुरुस्त करता येतं. इथे खोडायला वेळ नसतो. म्हणून आम्ही मुलींना सवय लावतो: दोघींनी वेगवेगळं बसून हिशेब करायचा, एकमेकींचं उत्तर न बघता, आणि मग जुळवायचं. बँकेतून गटाचे पैसे काढताना एकीची सही चालत नाही, तसंच हे.

घरातलंही एक गणित ऐकून ठेवा. लहान बाळाचं तापाचं औषध दोन प्रकारचं मिळतं: थेंबांची छोटी बाटली आणि मोठी पातळ औषधाची बाटली. थेंबांच्या औषधात एका मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम असतं. पातळ औषधात ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५०. बघा, थेंबांचं औषध कितीतरी कडक आहे. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं तर बाळाला चौपट औषध जाऊ शकतं. म्हणून नवी बाटली आणली की माप पुन्हा विचारून घ्या. आणि बाळाचं वजन माहीत ठेवा, डोस वयावरून नाही तर वजनावरून ठरतो.

निम्मं होण्याचा वेळ

एक गोळी दिवसातून तीनदा आणि दुसरी एकदाच, असं का? वर्गात आम्ही बारीक भोकाच्या रांजणाचं उदाहरण देतो. रांजण भरला की पाणी हळूहळू गळतं. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे त्याचं अर्धायुष्य. पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य दोन-तीन तासांचं, म्हणून ते पुन्हा घ्यावं लागतं. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन तीस ते पन्नास तासांत निम्म्यावर येते, म्हणून ती दिवसातून एकदाच.

याच कारणाने अ‍ॅम्लोडिपिनचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर लागतो. दोन दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडायची नाही, आणि मनाने दोन गोळ्याही घ्यायच्या नाहीत. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. बरं वाटतंय ते गोळी आत आहे म्हणून.

सगळ्यात अवघड धडा

मुलींना गणित जमतं, रसायनंही जमतात. अवघड जातं ते थांबवून विचारणं. आपल्याकडे मुलीला लहानपणापासून सांगितलेलं असतं, मोठ्यांपुढे बोलू नको. तीच मुलगी वॉर्डात उभी असते, समोर वयाने आणि हुद्द्याने मोठे डॉक्टर असतात. तिला दिसतं की या रुग्णाची लघवी कमी आहे आणि लिहिलेला डोस जास्त होईल. बोलायचं कसं?

यासाठी आम्ही सराव घेतो. एकजण डॉक्टर होते, एकजण नर्स. चार वाक्यांत बोलायचं: आत्ता काय घडलंय, रुग्ण कोण आहे आणि आधीचं काय, मला तपासून काय दिसतंय, मला तुमच्याकडून काय हवंय. “सर, सात नंबरच्या बाईंची लघवी चार तासांत साठ मिलिलिटरच झाली आहे. त्यांना मॅग्नेशियम चालू आहे. पाय उडत नाही. पुढचा डोस मी थांबवला आहे, तुम्ही येऊन बघावं.” यात उद्धटपणा नाही आणि घाबरटपणाही नाही. पहिल्या सरावात कित्येकींचा आवाज फुटत नाही. वर्षअखेर फुटतो. आमच्या मते हा सगळ्या अभ्यासातला मोठा गुण, कारण मनात राहिलेल्या ज्ञानाने रुग्ण वाचत नाही.

आशाताईंनो, फोनवरून पेशंटबद्दल सांगताना हीच चार वाक्यं तुम्हालाही उपयोगी पडतील.

आपल्या लेकींसाठी

या वर्गापर्यंत यायची वाट एकच नाही. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेतलेली मुलगी प्रवेश परीक्षा देऊन बी.एस्सी. नर्सिंगला जाऊ शकते. बारावी आर्ट्स झालेल्या मुलीलाही दार बंद नाही. ती जीएनएम करून, मग दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करू शकते, आणि कामाचा अनुभव घेऊन एम.एस्सी.ला येऊ शकते. वेळ जास्त लागतो, पण गाव न सोडलेल्या कितीतरी मुली याच वाटेने पुढे गेल्या. ‘सुई टोचायला एवढं शिक्षण कशाला’ असं कोणी म्हणालं, तर त्याला गुडघ्यावरच्या टिचकीची गोष्ट सांगा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे करा

एक. प्रत्येकीने घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा. सरकारी, दुकानातली, वैदूची, काढ्याची पुडी, सगळी. एकच औषध दोन नावांनी आहे का, मुदत संपलेलं आहे का, हे आशाताई किंवा नर्सताईंना बोलावून बघून घ्या. दवाखान्यात जातानाही हीच पिशवी न्या.

दोन. एका कागदावर पाच गोष्टी लिहून ठेवा: वजन, चालू असलेली औषधं, कोणत्या औषधाने पुरळ किंवा दम लागला होता, किडनी-लिव्हर-शुगर-बीपीचा आजार, आणि दिवस गेलेत किंवा अंगावर पाजते का.

तीन. औषध घेतल्यावर त्रास झाला तर तो नशिबावर टाकू नका. आधी दवाखान्यात सांगा. औषधांच्या दुष्परिणामांची देशभर नोंद ठेवणारी सरकारी योजना आहे. तिचा फुकट फोन क्रमांक १८००-१८०-३०२४. नर्स तिथे नोंद करू शकते, आणि तुम्ही स्वतःही.

चार. चर्चा करा: आपल्यापैकी किती जणी लोहाची गोळी चहाबरोबर घेतात? दवाखान्यात आपण कोणती गोष्ट सांगायचं टाळतो, आणि का?

आणि डॉक्टरांनी चालू केलेली कोणतीही गोळी ही माहिती ऐकून मनाने बंद करू नका. मनात शंका आली तर पिशवी घेऊन या आणि विचारा. तुम्ही विचारलेलं ऐकून घेणं, हेही आमच्या मुलींना आम्ही शिकवतो.